पहिल्या सेमिस्टरमधल्या मला: केटी लागायच्या आधी वाच

ड्राफ्टर

यंदा दिवाळीची साफसफाई लवकर काढली आणि माळ्यावर माझा मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्डाला लावायचं ते पट्ट्यांचं यंत्र, सापडला. एक स्क्रू गेलेला, पट्टी पिवळी पडलेली, तिच्यावर कर्कटकाच्या टोकानं कोरलेलं नाव. लेकीनं विचारलं, "बाबा, हे कसलं हत्यार?" तिला सांगायला बसलो आणि अख्खं पहिलं सेमिस्टर सांगून झालं. तिला झोप आली, मला काही येईना. म्हणून हा धागा.

2008 सालची गोष्ट. बार्शी तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी, पण सर शिकवायचे मराठीत, त्यामुळे इंग्रजी आपल्याला येतं असा गोड गैरसमज. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला. वडील स्वारगेटपर्यंत आले, धनकवडीत कॉट बेसिसवर एका खोलीत चौथा म्हणून मला टाकलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. त्या मुलाला आज काही सांगता आलं असतं तर हे सांगितलं असतं:

मित्रा, ड्रॉइंगच्या शीटा जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारशीलच, सगळेच मारतात. काचेखाली बल्ब, वर सीनियरची शीट, त्यावर आपली कोरी. पण प्रत्येक टॉपिकची एक तरी शीट स्वतः काढ. तू सगळ्या छापल्यास आणि परीक्षेत प्रोजेक्शन ऑफ प्लेन्सचा प्रश्न आल्यावर पेन्सिलीला टोक करत वीस मिनिटं काढलीस.

जर्नल त्याच आठवड्यात सही करून घे. नोव्हेंबरात सरांच्या केबिनबाहेर जी रांग लागते तिच्यात उभं राहणं हा वेगळाच विषय आहे, त्याला क्रेडिट नाही.

पुस्तकं पहिल्याच दिवशी नवीन घेऊ नकोस. सिलॅबस हातात घे, मग अप्पा बळवंत चौकात जा आणि जुनी बघ. सीनियरच्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा असतात, त्या पुस्तकाहून मोलाच्या.

मेसच्या काकूंना खाड्याचा नियम आधीच विचार. आमच्याकडे सलग तीन दिवस आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच पैसे कापायच्या. तू न सांगता गावाला जायचास आणि न खाल्लेल्या आमटीचे पैसे भरायचास.

दर शनिवारी गावाकडे पळू नकोस. जाऊन-येऊन रविवार संपतो, सोमवारी पहिल्या लेक्चरला डुलक्या. आणि तिकडे गेलं की इकडे कधीच रुळत नाही माणूस.

आता रविवारची रात्र. पुण्यातल्या मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रविवारी तू आठ वाजता ताट वाजवायला गेलास तर शटर खाली. रूममधले तिघे आपापल्या नातेवाइकांकडे. वडापावची गाडी गर्दीत दिसेना. खोलीवर येऊन आईनं दिलेल्या शेंगाचटणीबरोबर कोरडे पोहे खाल्लेस आणि पहिल्यांदा रडलास. भुकेनं नाही. त्या सेमिस्टरमध्ये तू सतरा रविवार काढलेस, आणि शेजारच्या खोलीतलाही एक जण तसाच बसलेला असायचा, हे तुला थर्ड इयरला कळलं. त्याचं दार वाजव.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. आमच्या वेळी इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) वगैरे नव्हतं, एकदम शंभर मार्कांचा पेपर. एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमच्या गणितात, मला 31 पडले, विषय राहिला. केटी. घरी सांगितलं, "निकाल लागायचाय." मे महिन्यात वडिलांनी पुन्हा विचारलं तेव्हाही तेच. शेवटी त्यांना कळलं ते गावातल्याच दुसऱ्या एका पोराच्या तोंडून, एसटी स्टँडवर. त्यांनी फोन केला, म्हणाले, "परत देता येतो का पेपर?" मी म्हटलं हो. "मग दे की. एवढ्यासाठी चार महिने तोंड लपवलंस व्हय?" केटी ऑक्टोबरात सुटली. ते चार महिने अजून सुटलेले नाहीत.

तुम्ही स्वतःला काय सांगाल?

---

मीठभाकर

रविवारची रात्र +1. आम्ही मॅगी करायचो ती इस्त्रीवर. घरमालकांना अजून माहीत नाही.

---

वाई_फाय

धागा आवडला, पण गावाला जाऊ नकोस हे मला अजिबात पटलं नाही.

मी वाईची. पुण्यात बी.एस्सी.ला होते. पहिलं सेमिस्टरभर दर शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल संपलं की थेट स्वारगेट. अडीच-तीन तासांत घरी. आईच्या हातचं खायचं, आजीजवळ झोपायचं, कपडे धुवून घ्यायचे (हो, घ्यायचे), रविवारी संध्याकाळी परत. मैत्रिणी चिडवायच्या. पण माझी जी रूममेट "आता मी दिवाळीपर्यंत जाणार नाही" म्हणून हट्टानं थांबली, ती ऑक्टोबरात दाखला काढून गेली. मी टिकले ती त्या शनिवारांमुळे. दुसऱ्या सेमला आपोआप महिन्यातून एकदा झालं, तिसऱ्याला आईच म्हणायला लागली, "अगं, येतेस की नाही?"

माझा स्वतःला सल्ला वेगळाच. प्रॅक्टिकलला पार्टनरच्या मागे उभी राहू नकोस. पहिल्या टायट्रेशनपासून ब्युरेट आपल्या हातात घे. मी सेमभर रीडिंग लिहून घेणारी होते. परीक्षेत एकटीला ब्युरेट मिळाली आणि एंड पॉइंटच्या पुढे जाऊन सगळं गडद गुलाबी. एक्स्टर्नल म्हणाले, "छान रंग आलाय."

---

ड्राफ्टर

@वाई_फाय, वाईला जाणं आणि बार्शीला जाणं यात फरक आहे हो. आमचं एका बाजूचं अंतर दोनशेच्या आसपास, भिगवणला चहाला थांबणार, टेंभुर्णीला पुन्हा थांबणार. पण तुमचा मुद्दा मान्य. "पळू नकोस" ऐवजी "सोमवारचं पहिलं लेक्चर बुडणार असेल तर जाऊ नकोस" असं वाचावं.

---

आखेनकर

मी उलट्या टोकाकडून लिहितो. आपल्याकडचं इंजिनिअरिंग पुण्यात निभावलं, पण पहिल्या सेमिस्टरनं जीव काढला तो जर्मनीत, मास्टर्सला.

पहिल्याच दिवशी वेळापत्रकात "10 सी.टी." लिहिलेलं. मी भारतीय शिस्तीनं 9.50 ला हॉलमध्ये. कोणी नाही. दहाला कोणी नाही. दहा वाजून दहा मिनिटांनी वाटलं, इमारतच चुकली. सव्वादहाला दोनशे पोरं आत आली आणि प्रोफेसर सुरू. सी.टी. म्हणजे पंधरा मिनिटं पुढे, ही शेकडो वर्षांची रीत आहे म्हणे. एस.टी. लिहिलं असेल तर ठोक्याला. एसटी वेळेवर सुटते असं म्हणणारा जगात हा एकच देश असावा.

इथे हजेरी कोणी घेत नाही, डिफॉल्टर लिस्ट नाही. मला वाटलं, स्वर्ग. पण परीक्षेची नोंदणीही स्वतःच करायची असते आणि तिची मुदत असते, ती आठवण करून द्यायला कोणी वर्गात येत नाही. माझी एक नोंदणी राहिली, विषय सहा महिने पुढे गेला. आणि एकाच विषयात पुन्हा पुन्हा नापास होण्याची चैन नाही. साधारण तीन प्रयत्न, नंतर त्या कोर्सला रामराम. आपल्याकडची केटी ही किती मायाळू गोष्ट आहे हे इकडे आल्यावर कळतं.

पैशाचं: ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं) महिन्याला ठरावीकच रक्कम सुटते (2024 च्या सप्टेंबरपासून 992 युरो). पहिल्या महिन्यात डिपॉझिट, भांडी, जॅकेट सगळं एकदम येतं, तेव्हा हातात थोडे वेगळे पैसे लागतात.

आणि एक. इथे 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास. मला पहिल्या परीक्षेत 1.7 मिळाले. आनंदानं बाबांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "असू दे. दहापैकी ना?"

---

मीठभाकर

"असू दे" 😄 बाबांना नमस्कार सांगा.

---

खिडकी_क्रमांक_3

मी एका कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनमध्ये एकतीस वर्षं काढली. तुम्ही सगळे अभ्यासाचं बोलता आहात, खिडकीच्या या बाजूनं थोडं सांगतो. पहिल्या सेमिस्टरमध्ये पोरं बुडतात ती गणितात जेवढी, तेवढीच कागदात.

महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा) अर्ज मित्र भरेल तेव्हा भरू असं करू नका. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. पुष्कळ मुलांची दोन-दोन खाती असतात आणि आधार जोडलेलं असतं वडिलांनी कधीतरी उघडलेल्या तिसऱ्याच खात्याला. बँकेत जाऊन कोणतं खातं सीड झालंय ते आधी विचारा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात पडताळणी यांच्या मूळ प्रती गावाला ठेवून येऊ नका, आणि कॉलेजात दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. पोच मागणारा मुलगा कारकुनाला आवडत नाही, पण लक्षात राहतो.

वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची योजना आहे, तिचा अर्ज फीच्या योजनेपासून वेगळा करावा लागतो. एक केला म्हणजे दोन्ही झाले असं समजून दरवर्षी कितीतरी मुलं राहतात. मुलींसाठी 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून असेल तर. इन्स्टिट्यूट लेव्हलचा, म्हणजे कॉलेज स्वतः देतं तो, प्रवेश घेऊन मग खिडकीवर रडणाऱ्या मुली पाहिल्यात म्हणून "कॅपमधून" हा शब्द पुन्हा लिहितो.

पुणे विद्यापीठात आणि त्याच्या बऱ्याच कॉलेजांत कमवा आणि शिका योजनाही आहे. काम ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत. लाजू नका. माझ्या हाताखाली स्टॅम्प मारलेला एक मुलगा आज माझ्या पेन्शनचं काम बघतो.

---

हिंगोली_एक्सप्रेस

नमस्कार. मी रोज वाचतो इथं, लिहायलो पहिल्यांदाच. मी सध्या एफ.ई.ला (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला) आहे, पहिलंच सेम. ड्राफ्टर दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, कारण ते सगळं माझंच चालू आहे.

इन-सेम झाली. एम-वनला 30 पैकी 7. घरी सांगितलं "पेपर बरा गेला". लेक्चरला सर लई फास्ट शिकवतात, सगळं इंग्रजीत, आणि बाजूचे पोरं क्लास लावलेले, त्यांना आधीच येतंय. मी विचारलं तर सगळे वळून बघतेत. आता पार्शल डिफरन्सिएशन चालू आहे, युलर थेरम. गणित उतरवून घेतो पण काय करायलो तेच समजंना. मोबाइलवर व्हिडिओ बघतो तर तो हिंदीत फास्ट. वाटायलंय आपण इथं यायलाच नाही पाहिजे होतं.

खाडा आमच्याकडं पण तीनच दिवसांचा आहे.

---

ड्राफ्टर

अरे, आधी जेवलास का? आज रविवार आहे.

---

हिंगोली_एक्सप्रेस

हो दादा. अंडा भुर्जी.

---

खडू

मी गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. हिंगोली_एक्सप्रेस, तू मेसमध्ये जेवतोस ना? मग तुला पार्शल डिफरन्सिएशन येतं.

समज दिवसाचा दर 90 रुपये आणि तू महिन्यात 26 दिवस जेवलास. बिल 2340. बिल दोन गोष्टींवर ठरतं, दिवस आणि दर. दर तोच ठेवून एक दिवस वाढवला तर बिल कितीनं वाढेल? 90 नं. दिवस तेवढेच ठेवून दर रुपयानं वाढवला तर? 26 नं. ही झाली दोन पार्शल डेरिव्हेटिव्ह. एकाला हलवायचं आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. मराठीत याला आंशिक विकलन म्हणतात.

आता युलर. दिवसांना दिवसांच्या पार्शलनं गुण: 26 गुणिले 90. दराला दराच्या पार्शलनं गुण: 90 गुणिले 26. दोन्हींची बेरीज 4680, म्हणजे बिलाच्या बरोबर दुप्पट. दुप्पटच का? दिवस आणि दर दोन्ही दुप्पट कर, बिल चौपट होतं. दोन्ही तिप्पट कर, नऊपट. म्हणजे दुसरा घात, म्हणून डिग्री 2. असं ठरलेल्या घातानं वागणाऱ्या फंक्शनला होमोजिनियस म्हणतात, आणि युलरचं म्हणणं इतकंच की ही बेरीज म्हणजे डिग्री गुणिले मूळ फंक्शन. पेपरात तेच फंक्शन टॅन इन्व्हर्सच्या किंवा लॉगच्या पोटात लपवून देतात. तेव्हा अख्खं होमोजिनियस नसतं, पोटातलं असतं. आधी त्याला बाहेर काढायचं आणि मग डिग्री मोजायची.

उद्या दहा गणितांपैकी फक्त डिग्री काढ. सोडवू नकोस.

30 पैकी 7 चं म्हणशील, तर एंड-सेमचे 70 मार्क अजून शाबूत आहेत. पासिंगचा नेमका नियम तुझ्या पॅटर्नच्या सिलॅबसच्या सुरुवातीच्या पानांवर असतो. तो मित्रांना विचारू नकोस, स्वतः वाच. आणि वर्गात विचारायची लाज वाटते तर केबिनमध्ये जा. आमच्या केबिनमध्ये सेमिस्टरभर माश्या असायच्या आणि शेवटच्या आठवड्यात जत्रा. सप्टेंबरात एकटा येणारा मुलगा मराठीत विचारतो की इंग्रजीत, हे आम्ही कधी बघितलं नाही. जाताना वही ने आणि कुठे अडलं त्या ओळीवर बोट ठेव. "सर, काहीच समजलं नाही" याला कोणालाच उत्तर देता येत नाही.

---

मीठभाकर

बाई, आणि खाडा लावला तर?

---

खडू

दिवस उणे तीन. बिल उणे 270. वही काढ.

---

वाई_फाय

@हिंगोली_एक्सप्रेस, "इथं यायलाच नको होतं" हे माझ्या डोक्यात पहिल्या सेमला आठवड्यातून दोनदा यायचं, आणि तेही बहुतेक रविवारी रात्री. पण तो विचार रोज यायला लागला, झोप-जेवण जायला लागलं, तर 14416 वर फोन कर. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी घरातल्या एकासाठी केलाय, म्हणून सांगते. आणि शक्य असेल तर एकदा घरी जाऊन ये. (ड्राफ्टर, गप्प बसा.)

---

ड्राफ्टर

बसलो.

पण बाळा, घरी सांग. मी चार महिने लपवलं. तुझे अजून थोडेच दिवस झालेत.

---

हिंगोली_एक्सप्रेस

आठ-नऊ दिवसांनी लिहायलो, सबमिशन होतं.

बाईंनी सांगितलेल्या दहा डिग्र्या काढल्या. सात बरोबर आल्या. उरलेल्या तीन घेऊन केबिनला गेलो. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो, तिसऱ्यांदा सरांनीच बघितलं. म्हणाले, "काय रे, कुणाला शोधतोस?" मी वहीवर बोट ठेवलं. सर परभणीचे निघाले! वर्गात पूर्ण इंग्रजी बोलतेत आणि केबिनमध्ये म्हणाले, "ह्ये काय करून ठेवलास?" वीस मिनिटं समजावलं. टॅन इन्व्हर्सचं आता येतंय. फक्त लॉगच्या दोन गणितांत अजून चुकायलंय, ती बाईंना विचारणार आहे.

खिडकी काका, बँकेत गेलो. आधार खरंच जुन्या शाळेच्या खात्याला जोडलेलं होतं. बदलायचा फॉर्म दिला, पोच घेतली.

घरी काल सांगितलं. बाप्पू आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, सोयाबीनला पण पहिल्या कोळपणीत असंच वाटतं, आणखी किती मार्क पायजेत ते सांग. मी हिशोब सांगितला. आईनं फोन घेतला, म्हणाली मीच येते बघायला, बायकांना आता अर्धंच तिकीट आहे. कसंबसं थांबवलं. म्हटलं दिवाळीला येतोच.

---

ड्राफ्टर

दिवाळीचं रिझर्वेशन केलंस का? पुण्याहून मराठवाड्याच्या गाड्या आधीच भरतात. आजच बघ. आणि खाडा सांगून जा.